वाळूचा घडा, बावीस मिनिटं

खानापुरात, बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याच्या भिंतीला
रेश्मा घाडीनं चुन्याचे दोन हात मारून घेतले
आणि माझ्याकडे शाळेचा सूक्ष्मदर्शक मागितला.
मी प्रयोगशाळेचा माणूस. रजिस्टर पुढं केलं.
'कशासाठी' या रकान्यात तिनं लिहिलं: रेणुका.

मलप्रभेतून मूठभर आणली होती, आगपेटीत.
चाळीसपट मोठी केली
की वाळू वाळू राहत नाही.
एक कण गुळाच्या खड्यासारखा,
एक कुणाचा तरी पडलेला दुधाचा दात,
एक काळा,
काचेखालून लोहचुंबक नेला की उठून उभा राहणारा.
"परशुरामानं हितंच धुतली असंल कुऱ्हाड,"
नववीतला बसू म्हणाला,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मला उत्तर चूक म्हणता येईना.

कथा सगळ्यांना पाठ.
पहाटे ती नदीवर जाई, ओल्या वाळूचा घडा वळी,
सापाची चुंबळ करून डोईवर ठेवी.
एके दिवशी मन जरा हललं. घडा ढासळला.
पुढचं ऐकायला आम्ही गाडी करून सौंदत्तीला जातो.

"मन हललं म्हणजे नेमकं किती थेंब, सर?"
रेश्मानं हे चहा पिताना विचारलं.
मी पुस्तकातलं सांगितलं:
दोन कणांत पाण्याचा एक बारीक पूल असतो,
तोच दोघांना ओढून धरतो.
पाणी आटलं की कण सुटे.
फार झालं की चिखल.
मधल्या एवढ्याशा ओलीत काय ते उभं राहायचं.
बशीतला चहा गार होईतो ती गप्प.
मग म्हणाली, घड्यानं पाणी नव्हतं धरलं तर.
पाण्यानं घडा धरला होता.

फिल्मला आवाज नाही.
कुठल्या भाषेत ठेवायचा, यावर आधी वाद झाला असता.
पाटीही नाही.
भिंतीवर नुसते नीलव्वा कुंबारचे हात,
एकेक बोट बैलगाडीएवढं,
घडा वळतायत. ढासळतोय. वळतायत.
(एकतीस वेळा, तिनं मोजलं होतं, आणि मजुरीही तशीच घेतली.)
मग डोकं. डोक्यावर चुंबळ.
साप नव्हे, हिरवा जाड पाइप,
नदीच्या तळातून वाळू ओढतात तो.
पोरं हसली.
ज्यांनी पाइप ओळखला ते हसले नाहीत.

अकराव्या मिनिटाला
नदीकडून सातेरीचा ट्रॅक्टर वर आला.
रस्त्यात आमच्या खुर्च्या.
दिव्यांचा झोत थेट भिंतीवर, रेणुका धुऊन गेली,
उरला चुना, आणि झोतात भिरभिरणारी चार वटवाघळं.
कुणीतरी शिवी दिली, कन्नडमधून. कुणीतरी मराठीतून.
सातेरीनं इंजिन बंद केलं.
जरा वेळानं दिवेही.
"संपू दे की गा," म्हणाला, "मग जातो."

हात परत आले.
आणि त्या बिनआवाजी फिल्मला
मागून आवाज लागला:
ट्रॉलीच्या फळीतून गळणारं पाणी,
टप्, टप्,
नदी थोडी थोडी खाली उतरून घेत होती.

सातेरी बाराव्या मिनिटापासून बावीसाव्यापर्यंत
स्टिअरिंगवर हनुवटी टेकून होता.
काय वाटलं, मी विचारलं नाही.
संपल्यावर खुर्च्या त्यानंच उचलल्या, आणि गेला,
वाळू घेऊनच गेला.

नीलव्वा पायरीवर बसून नखांतली माती काढत होती.
"आमच्यात हिला मरळु म्हणत्यात," ती म्हणाली.
"आणि माघारी ये म्हणायचं असंल
तरी मरळुच."
मी आपला जन्मभर वाळू म्हणत आलो.
पापड वाळू दे, कपडे वाळू दे,
तोंडात तोच शब्द, कधी ऐकला नव्हता.

सोमवारी सूक्ष्मदर्शक आला, पुसून, डबीसकट.
आगपेटी तशीच त्याच्याखाली.
उघडली तर कण सुटे सुटे, एकमेकांना न ओळखणारे.
मी ड्रॉपरनं एक थेंब सोडला.
जरा सरकले, जवळ आले.

रजिस्टरमध्ये यंत्रापुढं तारीख घातली.
वाळूची नोंद कुणी केलीच नव्हती.
नवी ओळ आखली, मूठ एक,
आणि 'परत केल्याचा दिनांक'
अजून कोरा आहे.